संक्रांतीची हातची कार्डं: काळा कागद, ठसे आणि शाई (नागपूर)

कागदवेडी
नमस्कार मंडळी. यंदा संक्रांतीची कार्डं दुकानातून आणायची नाहीत, घरीच करायची असं ठरवलंय. ठशांची, आणि काळ्या कागदावर. वर्षातून एका सणाला काळ्याला मान मिळतो, तेव्हा हात कशाला आखडायचा?

सामान असं आहे: पतंग, चक्री, फुलं-पानं अशा आकारांचे पारदर्शक ठसे, ते लावायचा अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा, लाल-हिरवा-निळा असे इंक पॅड, नक्षीच्या कागदांची सहा इंची वही आणि बर्डीवरून (सीताबर्डी) आणलेला ए४ मापाचा ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाडीचा काळा कागद. कटर आहे, फूटपट्टी लोखंडी आहे. साच्याने आकार कापायचं (डाय-कटिंग) मशीन घेणार नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला नको.

आता अडचणी. लाल ठसा काळ्यावर मारला की ओला असेपर्यंत छान दिसतो, वाळला की गायब. पांढरा पोस्टर कलर स्पंजवर घेऊन ठसा मारला तर पतंगाच्या शेपटीचा नुसता गोळा होतो. दुसरं म्हणजे मराठी मजकुराचे ठसे कुठे भेटतात? इंग्रजीत 'हॅपी बर्थडे' हव्या त्या वळणाच्या अक्षरांत आहे, तिळगूळ कुठेच नाही. आणि तिसरं, कार्डाला हलव्याची छोटी पुडी लावून पोस्टाने पाठवायची आहे. पोचेल का धड?

वऱ्हाडी_ठेचा
काळ्यावर लाल दिसत नाही म्हणून धागा काढला? ताई, पाटी-पेन्सिल आणा अन् लिहा.
(मजा करून राहिलो, रागावू नका. आमच्या घरीही हाच नाद आहे, म्हणून वाचत बसलो.)

निळीशाई
कागदवेडी, ठसा गायब होतो यात तुमच्या हाताचा दोष नाही. तुमच्याकडे आहेत ते डाय इंकचे, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाचे पॅड. त्यातला रंग पूर्ण विरघळलेला असतो, तो कागदात मुरतो आणि पारदर्शक असतो. पांढऱ्या कागदावर जो लाल आपल्याला दिसतो त्यात अर्धं काम खालच्या पांढऱ्याचं असतं. खाली काळं असेल तर डोळ्याकडे परत येणारा उजेडच उरत नाही. कितीही भारी कंपनीचा डाय पॅड आणा, काळ्यावर हेच होणार.

पिगमेंट इंकचं तसं नाही. त्यात रंगाचे बारीक कण असतात आणि ते कागदाच्या वर बसतात. म्हणून गडद कागदावर दिसतात, उन्हाने लवकर विटत नाहीत, आणि म्हणूनच वाळायला वेळ घेतात. चकचकीत किंवा पर्लच्या (मोत्यासारखी चमक असलेल्या) कागदावर तर दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतात. पण खरं सांगायचं तर नुसता पांढरा पिगमेंट पॅडसुद्धा काळ्यावर एका दाबात राखाडीच उठतो. भरीव, टपोरा पांढरा हवा असेल तर एम्बॉसिंग करा.

त्यासाठी एक रंगहीन, चिकट, हळू वाळणारा पॅड मिळतो. एम्बॉसिंग किंवा वॉटरमार्क पॅड म्हणून मागा. त्याने ठसा उमटवायचा, ओला आहे तोवर वरून पांढरी एम्बॉसिंग पावडर भरपूर पसरायची, कागद उभा धरून मागून टिचकी मारायची आणि खाली पडलेली पावडर परत डबीत. मग हीट गन, म्हणजे कडक गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र. पावडर म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण. तापले की वितळून एकसंध होतात आणि गार झाले की उठावाची चकचकीत रेघ राहते. गन आधी हवेत थोडी तापू द्या, मग कागदाजवळ आणा. पावडर जिथे ओली होऊन चमकली तिथून लगेच पुढे सरका. जास्त तापवली तर ती कागदात मुरते आणि रेघ चपटी, तेलकट दिसते.

केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही. त्याचा वारा जास्त, उष्णता कमी. पावडर वितळण्याआधी उडून जाते.

आणि हे खास नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीसाठी. हवा कोरडी असते, कागदावर स्थिर वीज साठते आणि पावडर नको तिथेही चिकटून बसते. काळ्यावर ते पांढरे ठिपके फार वाईट दिसतात. ठसा मारण्याआधी कागदावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवा. जुन्या सुती कापडात चमचाभर पावडर बांधली की झालं. बाजारात यासाठी खास पिशवी विकतात, तिची गरज नाही.

कागदवेडी
बाप रे, मी तर ड्रायर काढूनच बसले होते. हीट गन नाहीच घ्यायची म्हटलं तर?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या घरी इस्त्रीवर करते बायको. इस्त्री उलटी, नीट टेकवून, कॉटनवर तापवलेली. कागदाची मागची बाजू तिच्यावर आणायची, चिमट्यात धरून. खालून तापते, त्यामुळे पावडर उडायचा प्रश्नच नाही. लहान लेकरू घरात असेल तर मात्र करू नका बाप्पा.

निळीशाई
हो, खालून उष्णता देणं चांगलंच, पावडर सारखी वितळते. मोठी कार्डं असतील तर मधला भाग आणि कडा यांत फरक पडतो, एवढंच.

जुना_छापखाना
मी इतवारीतल्या एका छापखान्यात अनेक वर्षं कटिंग आणि बाइंडिंग केलं. एम्बॉसिंग वगैरे आमच्याकडे नव्हतं. पण वर जे चाललं आहे ते वाचून मला विचारावंसं वाटतं, काळ्यावर ठसे मारायचेच कशाला?

काळा कागद खाली ठेवा. वर पांढरा किंवा फिक्या पिवळ्या कागदाचा तुकडा, त्यावर तुमचे लाल-निळे ठसे. तुमच्याकडे आहेत ती सगळी पॅडं कामाला येतील. काळ्याची चारी बाजूंनी सारखी चौकट दिसली की रंग आणखी उठतात. लग्नपत्रिकेत आम्ही हेच करत आलो. आणि यात फायदा असा की ठसा बिघडला तर तुकडा जातो, कार्ड जात नाही.

आता घडीबद्दल, कारण त्याबद्दल कोणीच बोललेलं नाही. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेला जास्त झोपलेले असतात. घडी ग्रेनच्या दिशेने पडली तर स्वच्छ पडते, आडवी पडली तर तडकते. ३०० जीएसएमला तर हमखास. बाजारातल्या ए४ कागदात ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने असतो. खात्री करायची असेल तर कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, ग्रेन त्या घडीला समांतर.

म्हणून ए४ लांबीच्या मध्यावर कापा, १४८.५ मिमीवर. दोन ए५ तुकडे मिळतील, २१० बाय १४८.५. त्याला १०५ मिमीवर घडी घाला. उभं ए६ कार्ड झालं आणि घडी ग्रेनच्या दिशेने आली. तेच जर ए४ उभा चिरून १०५ मिमीच्या दोन लांब पट्ट्या केल्या आणि त्या मधोमध दुमडल्या, तर मापाचं कार्ड तेच होतं, पण घडी ग्रेनला आडवी येते. मग कार्ड तंबूसारखं उभं राहील खरं, पण माथ्यावर भेगा दिसतील.

घडी घालण्याआधी रेघ दाबून घ्यायची. संपलेलं बॉलपेन किंवा विणायची सुई चालते. लोखंडी पट्टी धरा आणि एकदाच, सारख्या दाबाने ओढा. आणि काळा कागद आणताना एक कोपरा फाडून बघायला हवा. आत पांढरा निघाला तर तो फक्त वरून काळा केलेला आहे. घडीवर पांढरी रेघ दिसणारच. आरपार काळा असेल तोच घ्या.

कागदवेडी
काका, आत्ता फाडून पाहिला. आरपार काळा आहे. 🙏
पण सगळंच पांढऱ्या तुकड्यावर केलं तर मग काळ्याची मजा काय राहिली? मला काळ्यावर पांढरा पतंग हवा आहे, हलव्याच्या दागिन्यांसारखा.

जुना_छापखाना
मग मजकूर आणि एखादा पतंग काळ्यावर उठावाचा करा, बाकी नक्षी तुकड्यावर. पण पांढरी पावडर सगळीकडे घालाल तर शेवटी ती रांगोळीच होईल.

निळीशाई
काकांशी सहमत, फक्त तुकड्याचं माप सांगते. ए६ समोरचा भाग १०५ बाय १४८. काळी चौकट ५ मिमीची ठेवली तर तुकडा ९५ बाय १३८. सहा इंची वहीतला नक्षीचा कागद १५२ मिमीचा, म्हणजे एका पानातून एकच पूर्ण तुकडा आणि बाजूला एक पट्टी उरते. त्या पट्ट्या टाकू नका. खरं तर पूर्ण तुकडा नक्षीचा घेण्याऐवजी कार्डाच्या खालच्या एक तृतीयांश भागात पट्टी आणि वर मोकळं काळं, असं केलं तर वही बरीच पुरेल आणि ठशाला जागाही मिळेल. हा माझा नेहमीचा आराखडा आहे.

गोंद पाण्यातला नको. तो नक्षीच्या पातळ कागदाला फुगवतो, मग वाळताना कार्ड वाकतं. डबल टेप वापरा. पतंग उचलून दाखवायचा असेल तर त्याच्याखाली फोम टेपचे बारके चौकोन.

डोंबिवलीची_कात्री
हे सगळं सामान मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला मिळतं. कोणी येणार असेल तर मागवून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, आमच्याकडेही दुकानं आहेत. बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत फिरा, इतवारी-गांधीबागेत फिरा. तुमच्याएवढी गर्दी नाही, एवढाच फरक. उन्हाळ्यात मात्र तुमच्याकडे यावं लागते श्वास घ्यायला, तेही एसीत.

जुना_छापखाना
कागदासाठी लग्नपत्रिकांच्या दुकानात विचारा. हंगाम संपला की नमुन्यांचे जुने गठ्ठे पडून असतात. पर्लचा, जरीच्या छपाईचा, जाड, वजनदार कागद. पाकिटंसुद्धा मिळतात. ते किलोवर किंवा गठ्ठ्याने देतील, घासाघीस करा. फक्त पर्लच्या कागदावर डाय इंक घालू नका, ती आत मुरत नाही आणि पुसली जाते. तिथे एम्बॉसिंगच.

निळीशाई
आणखी एक नक्षीचा कागद म्हणजे पतंगीचा. जुनी शुक्रवारी भागात संक्रांतीच्या आधी पतंगांची दुकानं लागतात, तिथे रंगीत ताव मिळतात. पातळ असतो, खालचं दिसतं, म्हणून दोन रंग एकमेकांवर चिकटवले की तिसरा रंग उठतो. पण रंग कच्चा असतो. ओला गोंद लागला की काळ्यावर गुलाबी डाग.

अमरावतीची_सून
मी शाळेत चित्रकला घेते (इथेच, नागपुरात), म्हणून मराठी मजकुराबद्दल लिहिते. विकत मिळण्याची वाट बघू नका, खोडरबर कोरा.

मोठं पांढरं खोडरबर घ्या. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने, २बी किंवा ४बीने, अक्षरं सरळ लिहा. तो कागद पालथा करून खोडरबरावर ठेवा आणि मागून नखाने घासा. पेन्सिल खोडरबरावर उतरते आणि आपोआप उलटी उतरते. म्हणजे ठसा मारल्यावर सरळ वाचता येते. आरशात बघून उलटं लिहायची कसरत नको. मग बारीक कटरने किंवा लिनो कटरने अक्षराच्या बाहेरचा भाग काढायचा. पातं आत वळवून अक्षराच्या खाली पोखरू नका, बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, नाहीतर दाबल्यावर रेघ दुमडते.

'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला' हे मात्र खोडरबरावर कोरायला जाऊ नका. वेलांट्या, 'घ्या'चं जोडाक्षर, सगळं मोडेल. छोटं काहीतरी शोधा.

वऱ्हाडी_ठेचा
'ओ पार!'
संपला विषय. पतंग कापली की आपण ओरडतो तेच. नागपूरचं कार्ड आहे नं? तीनच अक्षरं, एक काना, अन् उद्गारचिन्ह.

अमरावतीची_सून
😂 हे एकदम कोरता येईल. 'ओ'चं डोकं जरा जाड ठेवा, बास.

कागदवेडी
ठेचा भाऊ, हे घेतलं! पुण्याच्या आत्याला कळणार नाही, पण तिला फोनवर समजावून सांगू.
तरी तिळगुळाची ओळ हवीच आहे हो. वडीलधाऱ्यांना 'ओ पार' पाठवून कसं चालेल?

जुना_छापखाना
वडीलधाऱ्यांसाठी शिक्केवाल्याकडून करून घ्या. कोर्टाच्या, कचेऱ्यांच्या आसपास रबरी शिक्के करून देणारे बसतात. हल्ली दोन तऱ्हा चालतात. एकात लेझरने रबर कोरतात. दुसऱ्यात मजकुराची निगेटिव्ह घेऊन खाली द्रव पॉलिमर ओततात आणि अतिनील दिव्याखाली ठेवतात. जिथे उजेड पडतो तिथे ते घट्ट होतं, बाकीचं धुऊन जातं. तुमचे पारदर्शक ठसे याच दुसऱ्या रीतीचे. शिक्केवाल्याला सांगायचं की मूठ नको, शाई भरलेला तयार शिक्का तर मुळीच नको, नुसता ठसा द्या. त्या तयार शिक्क्यात एकच शाई कायमची असते, आपल्याला त्याचा उपयोग नाही.

मजकूर स्वतः नेऊन द्या. त्यांच्या संगणकावरचा टाइप कचेरीच्या कामाचा असतो. अक्षरं जाड-बारीक रेघांची नकोत, सारख्या जाडीची हवीत. आणि लहान करू नका. कागदावर मजकूर छोटा झाला की 'ळ'ची पोकळी आणि 'घ'ची गाठ शाईने भरून जाते. पाऊण सेंटीमीटरच्या खाली मी तरी गेलो नसतो. ओळ लांब होत असेल तर दोन ओळी करा.

निळीशाई
काकांच्या म्हणण्याला एक जोड. असा मजकूर एम्बॉस करायचा असेल तर पावडर बारीक जातीची घ्या, डबीवर 'डिटेल' किंवा 'सुपरफाइन' लिहिलेलं असतं. साधी पावडर जाड असते, वितळून पसरते आणि पुन्हा तेच, मात्रा भरतात. आणि नवा पारदर्शक ठसा पहिल्यांदा वापरण्याआधी त्याच्या पृष्ठभागावर खोडरबर हलकेच फिरवा. नव्या ठशावर एक तुळतुळीत थर असतो, त्यावर शाई थेंब-थेंब होऊन बसते.

कचेरीतला जांभळा स्टॅम्प पॅड मात्र वापरू नका. त्यातली शाई पॅडात ओली राहावी अशी केलेली असते. साध्या सच्छिद्र कागदावर शोषली जाते, पण गुळगुळीत जाड कागदावर वाळता वाळत नाही.

उगाच_एक_प्रश्न
एवढं सगळं करण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवलं तर? वेळ, पैसा, पोस्ट, सगळं वाचतं. जे मिळतं ते लोक दोन सेकंद बघतात आणि ठेवून देतात.

अमरावतीची_सून
बघतात आणि ठेवून देतात, हेच. ठेवून देतात.

उगाच_एक_प्रश्न
बरं. हरलो.

जुना_छापखाना
सगळ्यांनी हाताने करावं असं माझंही म्हणणं नाही. कार्डाचा धंदा मुळात वेळ वाचवायलाच सुरू झाला. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थाला नाताळात आलेल्या पत्रांना वेळेवर उत्तरं लिहिणं जमेना. त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र करून घेतलं आणि छापून पाठवलं. तीन वर्षं आधी तिथे पेनी पोस्ट (एका पेनीत पत्र) सुरू झालं होतं, म्हणून ते परवडलं. म्हणजे पहिलं छापील नाताळ कार्ड हे त्या काळचं व्हॉट्सअ‍ॅपच. आपल्याकडे मात्र संक्रांतीला तिळगुळाची छोटी पुडी चिकटवलेली छापील कार्डं यायची, ती मी स्वतः कापलेली आहेत. चार दाणे रंगीत हलवा, पारदर्शक कागदात.

मगनवाडी_रोड
वर्ध्याहून. नक्षीच्या छापील कागदाऐवजी हातकागद वापरून बघा असं सुचवतो. आमच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातकागदाचं काम चालवलं होतं, त्यामुळे आम्हाला त्याची ओढ आहे. चिंध्या, गवत, फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद स्वतःच नक्षी असतो.

पण बारीक रेघांचे ठसे त्यावर मारू नका. पृष्ठभाग खडबडीत असतो, शाई तंतूंवरून पसरते. भरीव आकार घ्या: पतंग, पान, ठिपके. कापडावर छपाई करायचे लाकडी ठसे यावर चांगले उठतात. खाली मात्र गादी हवी, वर्तमानपत्राच्या काही घड्या किंवा फोमची शीट. लाकूड दबत नाही, त्यामुळे सपाट टेबलावर मारलं तर मधला भाग कोरा राहतो. आणि कडा कटरने कापू नका. फाटलेली कडा हीच त्याची शोभा. पट्टी धरून ओल्या ब्रशने रेघ ओढा आणि हळूच फाडा.

कागदवेडी
हातकागद काळ्यावर! हे डोक्यात आलंच नव्हतं. पांढरट हातकागदाचा फाटक्या कडेचा तुकडा, वर लाल भरीव पतंग आणि बाजूला काळ्यावर उठावाचा मजकूर. जमून राहिलं आता.
पतंगाला दोरा खराच लावला तर? सुईने ओवून.

वऱ्हाडी_ठेचा
लावा, पण सुती. नायलॉन मांजा नका लावू, कार्डावरही नको. २०१७ पासून देशभर बंदी आहे त्याच्यावर, तरी दरवर्षी गळे कापतात. कार्डातून तरी कशाला पाठवता.

अमरावतीची_सून
लेकरांनाही यात घ्यायचं असेल तर भेंडी. आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. कापल्यावर थोडा वेळ कागदावर पालथी ठेवा म्हणजे चिकट रस निघतो, नाहीतर रंग घसरतो. त्यांना पांढऱ्या कागदावर मनसोक्त मारू द्या. वाळल्यावर त्यातल्या चांगल्या भागांचे तुकडे आपण कापून कार्डावर लावायचे. असा नक्षीचा कागद कुठल्या वहीत मिळणार नाही.

कागदवेडी
एक राहिलंच. ठसा एकाच जागी दोनदा कसा मारायचा? एकदा फिका उठला की परत तिथेच मारता येत नाही. त्यासाठीचं यंत्र पाहिलं, किंमत बघून बंद केलं.

निळीशाई
जुनी सीडीची डबी. आतली काळी तबकडी काढून टाका. तळाशी फोमची शीट, त्यावर कागदाचा तुकडा कोपऱ्यात टेकवून. ठसा तुकड्यावर हवा तिथे पालथा ठेवा आणि झाकण बंद करून वरून दाबा. ठसा झाकणाला चिकटून वर येतो. आता त्याला शाई लावा, झाकण बंद करा, दाबा. फिकं उठलं तर पुन्हा शाई, पुन्हा झाकण. बिजागरी असल्यामुळे जागा हलत नाही. डबीत पूर्ण कार्ड मावणार नाही, म्हणून तुकडा आधी छापून मग चिकटवायचा. ९ बाय १२ सेंमीपर्यंतचा तुकडा आरामात बसतो.

कागदवेडी
कपाटात डबीभर सीड्या आहेत! गाण्यांना आता कोण विचारतं.
पोस्टाचं कोणी सांगेल का?

जुना_छापखाना
वजन काढून बघू. ३०० जीएसएमचा ए५ तुकडा म्हणजे सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास. वरचे दोन थर धरून आणखी चारपाच. पाकीट घरी करणार असाल तर २१ सेंमीचा चौरस घ्या, म्हणजे ए४ची पूर्ण रुंदी. कार्ड मध्ये तिरकं ठेवून चारी कोपरे आत दुमडले की बाजूचे दोन कोपरे मधोमध भेटतात, वरखालचे एकमेकांवर येतात. १०० जीएसएमच्या कागदाचं असं पाकीट साडेचार ग्रॅम. सगळं मिळून अठरा-एकोणीस. पत्राचं तिकीट २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतं. म्हणजे साधं कार्ड पहिल्या टप्प्यात कसंबसं बसतं, हलव्याचे दाणे घातले की पुढच्या टप्प्यात जातं. घरी काटा असेल तर एक पूर्ण कार्ड तोलून घ्या, मगच तिकिटं आणा.

हलव्याचं म्हणाल तर पाकिटावर तारखेचा शिक्का मारतात, तोही ठसाच, आणि हलक्या हाताने मारत नाहीत. पुडी वरच्या उजव्या कोपऱ्याखाली आली तर भुगा. पुडी कार्डाच्या आत, खालच्या डाव्या बाजूला लावा आणि चपटी ठेवा, एका थरात दाणे. उठावाचा मजकूरही वरच्या उजव्या कोपऱ्यात नको.

वऱ्हाडी_ठेचा
अन् सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात टाका, गल्लीतल्या डब्यात नको. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तर नकोच.

कागदवेडी
ठरलं मग. जवळच्यांना हलवा घरी जाऊन हातावर, पोस्टाने जाणाऱ्यांना फक्त पतंग आणि सुती दोरा. पावडर बारीक जातीची आणि एम्बॉसिंगचा पॅड एवढंच विकत घेते, बाकी सगळं घरातलं. शिक्केवाल्याकडे उद्या जाते, अक्षर भावाकडून लिहून घेतलंय.
निळीशाई, शेवटचं. मे महिन्यात हे ठसे आणि पॅड कसे ठेवू? आमच्या वरच्या मजल्याची भट्टी होते.

निळीशाई
ठसे स्वच्छ करून त्यांच्या मूळ प्लास्टिक पानावर, बंद डब्यात, अंधारात. उजेडाने पारदर्शक ठसे पिवळे पडतात, त्याने छपाईत फरक पडत नाही, पण उन्हात तापले तर चिकट आणि वेडेवाकडे होतात. पुसायला साधं ओलं कापड पुरे. पॅड घट्ट बंद आणि पालथे ठेवा, म्हणजे शाई ठसा टेकवायच्या बाजूला राहते. फक्त कूलरच्या समोरच्या कपाटात नको, त्या ओलीने नक्षीचे कागद कडेने वळतात.

कागदवेडी
कपाट कूलरसमोरच आहे 🙄 पलंगाखालच्या पेटीत हलवते.